शिवलेला शेवट

सांगितलं तर खोटं वाटेल तुम्हाला. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. एक शिकला-सवरलेला, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस जुन्या नाशकातल्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात आला, पिशवीतून एक नवीकोरी अमेरिकन कादंबरी काढली आणि अब्बूंना म्हणाला, "याचं शेवटचं प्रकरण शिवून टाका."

मी तेव्हा सहावीत होते. दुकानाच्या पायरीवर बसून गृहपाठ करत होते. अब्बूंना वाटलं, पानं सुटली असतील.

"सुटली नाहीत," सर म्हणाले. "पानं उत्तम आहेत, म्हणूनच शिवायची. इथून शेवटपर्यंत. बाहेरच्या कडेने घाला टाका. उघडता येता कामा नये."

अब्बूंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मग माणसाकडे पाहिलं. "सर, मी किती वरसं झाली किताबा बांधतोय. लोक फाटलेली आणतात. चांगली किताब बंद करायला आलेले तुम्ही पयलेच."

"जमेल की नाही?"

"जमंल. न जमायला काय झालं! पण किताब उघडायला बांधतात सर, बंद करायला नाय."

अब्बूंनी दाभणाने भोकं पाडली आणि लाल दोऱ्याने शेवटची वीस-बावीस पानं गच्च शिवून दिली. सरांनी दोन्ही अंगठे लावून ती उघडून पाहिली, उघडत नाहीत म्हटल्यावर समाधानाने मान हलवली आणि पुस्तक पिशवीत टाकून निघून गेले. तोबा तोबा! अम्मी तर दोन दिवस म्हणत होती, त्या माणसावर कुणाचा तरी साया आहे, त्याला परत दुकानात घेऊ नका.

पण सर येत राहिले. दोन-तीन महिन्यांतून एकदा, नवी कादंबरी घेऊन. अब्बूंना शिवण्याचं दुःख नव्हतं. त्यांचं दुःख वेगळंच होतं, ते चहाचं. दुकान पुढे आणि मागे पडद्याआड आमचं घर, त्यामुळे आलेल्या गिऱ्हाइकाला चहा दिल्याशिवाय अब्बूंना चैन पडायचं नाही. पहिल्याच दिवशी अम्मीने वाफाळता चहा पाठवला. सरांनी कपाकडे पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको," म्हणाले आणि चक्क उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच.

आता आमच्यासारख्यांच्या घरचा चहा माणूस नको म्हणतो, तेव्हा आम्ही काय समजायचं? तुम्हीच सांगा. अब्बू कधी मोठ्याने बोलले नाहीत, पण एकदा रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या हातची शिवण चालती सरांना. चहा नाय चालत." आणि पुढे जेवले नाहीत. अम्मी म्हणाली, मग विचारायचंच कशाला! त्यावर अब्बू म्हणाले, "विचारायचं काम माझं. नाय म्हणायचं काम त्याचं." आणि इतकी वर्षं, दर खेपेला, न चुकता विचारत राहिले. असे आमचे अब्बू.

पुढे मी बारावी झाले, नाशिकरोडच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. मला शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं, बी.ए., मग बी.एड., मग नोकरी, असा हिशोब मी अब्बूंच्या दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहूनच ठेवला होता. शेवटच्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. पहिल्या तासाला दारातून कोण आत यावं? पिशवी, लाल दोऱ्याचं पुस्तक आणि सर! मी बाकावरच हबकले. त्यांनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. दारापाशीच उभे राहिले, एक पाय वर्गात आणि एक पाय बाहेर. वर्षभर ते तसेच उभे राहून शिकवत होते.

आणि शिकवायचे कसं म्हणता! आम्ही जुन्या नाशकातली, सिन्नरची, त्र्यंबकची पोरं; आम्हाला कुठली अमेरिका माहीत! पण सर बोलायला लागले की ती नदीकाठची गावं, ती बर्फात अडकलेली घरं, वाट पाहणाऱ्या बायका, सगळं समोर उभं राहायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "या अमेरिकन माणसाचं दुखणं एकच. त्याच्याकडे प्रेम आहे, पैसा आहे, मोटार आहे. फक्त तो वेळेवर पोचत नाही." दुसरं वाक्य वाचनाबद्दल. सगळे मास्तर म्हणतात वाचा, वाचा, आमचे सर म्हणायचे, "वाचन हे दारूपेक्षा वाईट व्यसन. दारुड्याला निदान हाक ऐकू येते."

आम्ही हसायचो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हाकेचं तर विचारूच नका. कुणी हाक मारली की सर असतील तिथून निघायचे. वाक्य अर्धं सोडून. शिपाई "सर" म्हणाला की गेले. फोनची पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलायचे. एकदा प्राचार्यांचं भाषण चालू होतं, सर पहिल्या रांगेत. बाहेरून कुणीतरी कुणालातरी हाक मारली आणि हे भर सभेतून उठून तरातरा बाहेर. प्राचार्यांचं तोंड उघडं ते उघडंच. आणि वर्गातून बोलावलेल्या पोराने "आलोच सर" म्हटलं, तर सरांचा पारा असा चढायचा की बघायला नको. "आलोच म्हणायचं नाही! यायचं असेल तर ये. नाहीतर येणार नाही म्हण. आलोच म्हणजे काय? कधी?" एका पोराला त्यांनी एवढ्यासाठी आठवडाभर तासाला बसू दिलं नव्हतं. आता बोला!

पण सगळ्यात कहर झाला तो श्रावणातल्या एका तासाला. वर्ग पहिल्या मजल्यावर, खाली रस्ता. सर रंगात आले होते. रस्त्यावर कुणी बाई आपल्या नवऱ्याला हाक मारत होती, भाजीची पिशवी जड झाली असेल बिचारीला. "अहो! अहो, येता का जरा?" एवढंच. सरांच्या हातातला खडू पडला. ते जे धावले, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत, ते थेट रस्त्यावर. आम्ही सगळे खिडकीत. ती बाई दचकून यांच्याकडे बघतेय, तिचा नवरा स्कूटर सोडून पुढे येतोय, आणि आमचे सर तिच्यासमोर हात लोंबत सोडून धापा टाकतायत. नवरा म्हणाला, "काय पाहिजे हो?" सर म्हणाले, "काही नाही. मला वाटलं मला." वर्गात हशा पिकला. पुढे महिनाभर पोरं कॉरिडॉरमध्ये बायकी आवाज काढून "अहो" म्हणायची आणि सर दर वेळी बाहेर यायचे. दर वेळी. मीसुद्धा हसलेय त्यात, लपवत नाही.

कादंबऱ्यांचे शेवट सर पुस्तकातून शिकवायचे नाहीत. लाल दोरा आला की पुस्तक मिटायचं, खिडकीबाहेर बघायचं आणि तोंडी सांगायचं. सरांच्या तोंडून शेवट ऐकला की बरं वाटायचं, कारण वर्षभर वेळेवर न पोचणारी ती अमेरिकन माणसं शेवटाला मात्र हमखास पोचायची.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. एक जुनी कादंबरी नव्याने लागली होती. एक सुतार असतो. त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती दूरच्या शहरात जाते. तो तिच्यासाठी घर बांधायला घेतो, दारं, खिडक्या, एकेक खुंटी. वर्षं जातात. मग तिचं पत्र येतं, मी आजारी आहे, येऊन जा. हा म्हणतो, तेवढी पडवी पुरी करतो आणि निघतो. इथपर्यंत सरांनी शिकवलं आणि थांबले. यांचं हे पुस्तक इतर पुस्तकांसारखं नवं नव्हतं. पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेले, आणि दोराही अब्बूंचा नव्हता. काळ्या दोऱ्याने कुणीतरी आडवेतिडवे, वेडेवाकडे टाके घातले होते. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले, पण बोलेनात.

मीच हात वर केला. "सर, शेवट?"

"पोचतो," सर म्हणाले. "वेळेवर पोचतो." आणि मग त्यांनी तो शेवट असा सांगितला, की मागच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा गप्प झाली. सुतार हातोडा तिथेच टाकतो, बर्फातून रात्रभर गाडी हाकतो, पहाटे तिच्या दारात उभा राहतो, ती डोळे उघडते. मी रडत रडत शब्द न् शब्द उतरवून घेतला.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, मोबाइलवर पीडीएफ आहे, त्यात वेगळंच आहे म्हणे." मी तिच्याशी भांडले. सर खोटं सांगतील? सर? तिच्याशी आठ दिवस बोलले नाही मी.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. प्रेम, वियोग आणि सरता काळ हे कादंबरीच्या शेवटात कसे एकत्र येतात? मी पुरवणीवर पुरवणी घेतली. इतकं सुंदर मी जन्मात लिहिलं नव्हतं. आणि निकाल लागला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. बाजारातल्या चोपड्या पाठ करणारे पास. मोबाइलवर चार पानं वाचणारे पास. सरांचा शब्द प्रमाण मानणारी मी एकटी नापास. तीन मार्कांनी! बी.एड.चा फॉर्म भरलेला, अब्बूंनी मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. वर्ष गेलं.

त्या दिवशी मी मोबाइलवर पीडीएफ उघडली नाही. मैत्रिणीलाच विचारलं. ती म्हणाली, "नाही गं, तो नाही पोचत. पडवी पुरी करत बसतो." बस, मला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मी तो पेपर पास केला, बी.एड. एक वर्ष उशिरा झालं, आणि आज हरसूलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, ते सगळं नीट झालं. पण निकालानंतरचा तो रविवार माझ्या अंगावरून अजून गेलेला नाही.

दुपारची वेळ. अम्मी मालेगावला मावशीकडे गेलेली. अब्बू बाइंडिंगच्या शिकंज्यात वह्या आवळत होते. दुकानाच्या पायरीशी सर येऊन उभे राहिले. हातात तेच पिवळं पुस्तक.

मी उठलेच. वय, मान, काही पाहिलं नाही. "सर, तुम्ही मला खोटं शिकवलंत! माझं वर्ष घालवलंत! तुम्हाला शेवट माहीत नव्हता तर सांगायचं ना, माहीत नाही म्हणून!"

"बेटा!" अब्बू ओरडले. मास्तरांशी असं बोलणारी मुलगी त्यांनी आपल्या घरात पाहिली नव्हती.

"बोलू द्या तिला," सर म्हणाले. "बरोबर आहे तिचं. मला शेवट माहीत नाही. आणि मी तो वाचलेला आहे."

आम्ही दोघंही बघतच राहिलो. सर पायरीवर बसले, खाली, जिथे मी गृहपाठ करायची तिथे. मग त्यांनी सांगितलं. एकदाच, सलग, वर्गात शिकवतात त्याच आवाजात.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अशीच रविवारची दुपार. सर बाहेरच्या खोलीत हीच कादंबरी वाचत होते, शेवटच्या प्रकरणापर्यंत आलेले. आतून बायकोने हाक मारली, अहो. हे म्हणाले, आलोच. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, अहो, येता का जरा? हे म्हणाले, आलोच गं, थोडीच पानं राहिलीत. मग हाक आली नाही. यांनी प्रकरण पुरं केलं, पुस्तक मिटलं आणि आत गेले. ओट्यावर चहाचे दोन कप भरलेले होते. चहा गार झाला होता, वर साय आलेली. आणि ती खाली फरशीवर होती.

"हृदयाचं काही होतं म्हणाले डॉक्टर. तिलाही माहीत नव्हतं. लगेच गेलो असतो तर काय झालं असतं, ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या क्षणी ते प्रकरण माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. कशासाठी मी तिला थांबवलं, काय वाचत होतो एवढं, मला एक अक्षर आठवत नाही. त्याच रात्री मी ते शिवून टाकलं, तिच्याच सुईने. पुढे बाकीची शिवून घेतली. शेवट उघडा राहिला की मी वाचत जातो आणि वाचताना मला हाक ऐकू येत नाही."

या अल्ला! माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला, ती भाजीची पिशवी, खिडकीत दात काढून हसणारे आम्ही. मला तोंड कुठे लपवू असं झालं. अब्बूंच्या हातातला शिकंज्याचा दांडा तसाच राहिला होता.

"मास्टर," सर अब्बूंना म्हणाले, "हे उसवून द्या. हिला परत परीक्षा द्यायचीय. शेवट खरा शिकवला पाहिजे. मी नाही वाचू शकणार. ही वाचेल, मी ऐकेन."

अब्बूंनी पुस्तक घेतलं. एकेक टाका पात्याने असा अलगद कापला, की जणू माणसाच्या कातडीतले टाके काढतायत. दोऱ्याचे तुकडे त्यांनी फेकले नाहीत, कागदात बांधून ठेवले. मग म्हणाले, "मी जरा चहा टाकतो. बेटाला आणि मला. सर तर घेत नाहीत." या वेळी त्यांनी पहिल्यांदा विचारलं नाही. आणि पडद्याआड गेले.

मी वाचायला लागले. इंग्रजी वाचायचं, मग मराठीत सांगायचं. सर डोळे मिटून ऐकत होते. सुतार पडवी पुरी करतो. निघतो. बर्फ लागतं. तो पोचतो तेव्हा दाराला शोकाची काळी फीत बांधलेली असते. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वाच." तो परत येतो. त्या घरात एकटा राहायला लागतो. मी असं वाचत गेले की दुकान, रस्ता, वर्ष गेल्याचं दुःख, सगळं विसरले. शेवटचं पान उलटलं.

आतून अब्बूंची हाक आली. "बेटा, जरा इकडे ये."

"आलेच अब्बू," मी मान वर न करता म्हटलं, "एकच पान राहिलंय."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं मी काय बोलले. सरांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे असे बघत होते, की मी ते डोळे मरेपर्यंत विसरणार नाही. पुस्तक कुठे पडलं मला ठाऊक नाही. मी पडद्याला धडकत आत धावले. "अब्बू!"

अब्बू शेगडीपुढे उभे होते. सांडशीत चहाचं भांडं. "गाळणी कुठे ठेवलीस गं?"

मी त्यांना मिठीच मारली आणि मोठ्याने रडायला लागले. "अरे, चहा सांडेल, भाजेल! झालं काय?"

मागे पडद्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत सर कधी पडद्याच्या आत आले नव्हते. ते दारात उभे होते, चपलांसकट.

"आहेत ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहेत सर. गाळणी हवी होती."

"गाळणी," सर म्हणाले. मग खाली बसले, शेगडीपाशी, आमच्या फरशीवर. अब्बूंना काहीच समजेना. मी गाळणी काढून दिली आणि बाहेरून पुस्तक उचलून आणलं.

"वाच आता ते पान," सर म्हणाले.

मी वाचलं. सुतार दारापाशी उभा असतो. दार चौकटीला घासत असतं म्हणून तो ते रंध्याने थोडं तासतो. भुसा झाडून काढतो. उद्या थंडी वाढेल, असं स्वतःशीच म्हणतो आणि आत जातो. पुढे कोरा कागद.

"पुढे?"

"झालं सर. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

"एवढ्यासाठी मी..." सर म्हणाले आणि त्यांना पुढे बोलवेना. एवढा मोठा माणूस, आमच्या फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी कुठे बघावं मला कळेना. अब्बूंनी भांडं खाली ठेवलं आणि सरांच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

बऱ्याच वेळाने सरांनी डोळे पुसले. अब्बूंनी चहा पुन्हा उकळून दोन कप भरले. सर त्या कपांकडे बघत होते.

"मास्टर," ते म्हणाले, "मला मिळेल का अर्धा?"

अब्बू असे चमकले की बस! मी त्यांना जन्मात कधी तसं चमकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी आपला भरलेला कप उचलला आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला आणि लगेच तोंडाला लावला. चटका बसला तसे ओठ मागे घेतले आणि आश्चर्याने कपात बघत राहिले.

"गरम आहे," सर म्हणाले.

"चहा गरमच असतो, सर," अब्बू म्हणाले.